नायगावचा ताणा आणि कुलाब्याचे प्रमेय

नायगावात स्प्रिंग मिलचे माग चालू होते, त्या काळात याच शहराच्या दक्षिण टोकाला, कुलाब्याच्या समुद्रकाठी, दोन तरुण गणिती निराळ्याच धाग्यांचा विचार करीत होते: एम. एस. नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री. दोघांचाही जन्म १९३२चा. दोघेही मद्रासच्या लोयोला महाविद्यालयातून १९५३ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आलेले. इतिहासप्रेमींना ही संस्था ठाऊक असते ती दामोदर धर्मानंद कोसंबींमुळे. कोसंबी १९६२ मध्ये तेथून बाहेर पडले आणि तीनच वर्षांनी या दोघांचे प्रमेय ‘ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये प्रसिद्ध झाले. मुंबईच्या इतिहासात त्याला दोन ओळीही मिळू नयेत, हे खटकणारे आहे.

प्रमेय बैजिक भूमितीतले. मेदूवड्यासारखे एक पृष्ठ कल्पावे. मात्र त्याला एकाऐवजी दोन किंवा अधिक भोके असावीत. मागावर उभ्या धाग्यांचा ताणा लावतात, त्याप्रमाणे पृष्ठाच्या प्रत्येक बिंदूला एकेक सदिश अवकाश जोडावे. या रचनेला व्हेक्टर बंडल म्हणतात. अशा रचनांपैकी ‘स्थिर’ कोणत्या, याची शुद्ध बैजिक कसोटी डेव्हिड मम्फर्ड यांनी १९६२ मध्ये दिली होती. दुसरा प्रश्न अगदी वेगळा दिसे: एखादा सदिश भोकाभोवती फिरवून मूळ जागी आणला, तर त्याचे काय होते? लांबी कायम राहून तो केवळ वळत असेल, तर ती रचना ‘एकात्मक’. तांत्रिक अटी बाजूला ठेवल्या, तर नरसिंहन आणि शेषाद्री यांनी सिद्ध केले ते एवढेच की, स्थिर आणि एकात्मक या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत.

या सिद्धतेला भौतिकशास्त्राची गरज पडली नव्हती. मूलकणांमधील बलांसाठी यांग आणि मिल्स यांनी १९५४ मध्ये समीकरणे मांडली होती. कण एका जागेहून दुसरीकडे जाताना त्याची आंतरिक अवस्था कशी वळते, हा त्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न. १९८३ मध्ये अतिया आणि बॉट यांनी ती समीकरणे अशाच पृष्ठांवर अभ्यासली, तेव्हा किमान ऊर्जेच्या जागी त्यांना कुलाब्याची एकात्मक बंडलेच आढळली. गिरणीतले कापड त्याच दिवशी मोजता येते. येथे मोजमापाला अठरा वर्षे लागली!

त्याच वर्षी विशीतल्या सायमन डोनाल्डसन यांनी या नव्या दृष्टीने प्रमेयाची दुसरी सिद्धता दिली. त्या निबंधाच्या शीर्षकातच नरसिंहन आणि शेषाद्री यांची नावे आहेत. पुढे उलेनबेक आणि यौ यांच्याही हातून अधिक मितींपर्यंत वाढलेले त्याचे रूप आज स्ट्रिंग सिद्धांतात वापरले जाते.