वाळण्याची वाट

बडोद्यात लहानाचे मोठे झालेल्या आम्हांला तैलचित्र म्हणजे राजा रविवर्मा, एवढेच ठाऊक होते. लक्ष्मीविलास राजवाड्यातील त्यांच्या चित्रांतली जर, मोती आणि अंगकांती पाहून डोळे निवत. म्हणून सेवानिवृत्तीनंतर तैलरंग शिकू लागलो, तेव्हा गुरुजींनी नकलेसाठी पुढे ठेवलेले चित्र पाहून आम्ही थोडे हिरमुसलोच. एका जुन्या रशियन चित्रसंग्रहातले ते पान होते : मिखाईल नेस्तेरोव्ह यांचे ‘बालक बार्तोलोमेला झालेले दर्शन’.

१८८९-९० साली रंगवलेले हे चित्र मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयात आहे. रशियातील प्रतीकवादी चित्रकलेचा आरंभ पुष्कळ जाणकार येथून मानतात. विषय धार्मिक, पण चमत्काराचा गाजावाजा नाही. शरदातले पिवळसर माळरान, दूर लाकडी चर्च, ओक वृक्षाखाली प्रार्थनेत मग्न साधू आणि त्याच्यासमोर उभा असलेला एक किडकिडीत मुलगा. चौदाव्या शतकातली ही कथा. या मुलाला काही केल्या अक्षर वाचता येईना. वडिलांनी घोडे शोधायला धाडले असता वाटेत हा साधू भेटला. मुलाने मागितले ते एवढेच, की मला वाचता यावे. तोच पुढे राडोनेझचा संत सेर्गियस झाला.

आम्ही चौकटी आखून रेखाटन केले आणि उत्साहाने रंगांकडे वळलो. गुरुजींनी हात धरला. आधी टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या तपकिरी रंगाने केवळ छायाप्रकाश, मग वर तेलाचे प्रमाण थोडेथोडे वाढवीत एकेक थर. अळशीचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतील प्राणवायू घेऊन ते सावकाश घट्ट होते. खाली तेलकट आणि वर कोरडा असा उलटा क्रम झाला, तर वरचा थर पुढे तडकतो. हे सारे ऐकूनही तिसऱ्याच दिवशी आम्ही ओल्या तपकिरीवर पांढरा ओढला. मुलाच्या सदऱ्याचा चिखल झाला. गुरुजी एवढेच म्हणाले, “तुम्हांला घाई आहे म्हणून रंग लवकर वाळत नाही.”

माळरान जमले, झाडे जमली. मुलाचा चेहरा जमेना. खुद्द नेस्तेरोव्ह यांचीही तीच अडचण झाली होती. अब्राम्त्सेव्होजवळच्या खेड्यात मोठ्या डोळ्यांची, दहाएक वर्षांची एक आजारी मुलगी दिसली, तेव्हा त्यांना तो चेहरा सापडला. आम्ही मात्र चार वेळा सुरीने रंग खरवडून काढला. पाचव्या वेळी उमगले, की असा चेहरा आम्ही पूर्वी पाहिला होता, आणि तो पुन्हा पाहायची आमची तयारी नव्हती.

आमच्या धाकट्या चिरंजिवाला अक्षर लवकर येत नसे. ‘क’ आणि ‘फ’ यांत तो हटकून चुके. संध्याकाळी पाटी घेऊन तो समोर बसे आणि आमच्या हातात पट्टी असे. तो रडत नसे. नुसता बघत राही. आज सुरतेला त्याचा स्वतःचा कारखाना आहे, संसार उत्तम आहे. पण आमच्याशी तो कामापुरतेच बोलतो.

मग मात्र घाई केली नाही. एक पातळ थर द्यावा, आठवडाभर थांबावे, मग दुसरा, असे करीत चेहरा पुरा केला. दिवाळीत चिरंजीव आला. घोडीवरच्या चित्रापुढे बराच वेळ उभा राहून म्हणाला, “बाबा, याला वाचता येत नाही ना?”

आम्ही चकित झालो. “तुला कसे कळले?”

“उभा कसा आहे, बघा ना.”

तेव्हा, तीस वर्षांनी, आम्ही त्याला सांगितले की ती पट्टी उचलण्यात आमची चूक झाली. तो काही बोलला नाही. कॅनव्हासच्या कडेला बोट लावून पाहिले आणि म्हणाला, “अजून ओले आहे.”

व्हार्निश लावायला अजून सहा महिने तरी आहेत. तोवर तो पुन्हा येणार आहे.