भिंतीला हात लावण्यापूर्वी

अमेरिकेत राहणारी आपली मंडळी भारतात येतात तेव्हा त्यांना एक प्रश्न हमखास विचारला जातो: तिकडे एवढा पैसा मिळतो, मग घरातील रंगकाम आणि सुतारकाम तुम्ही स्वतः कशाला करता? प्रश्न गैर नाही. आपल्याकडे गवंडी किंवा रंगारी बोलावणे ही नित्याची गोष्ट. तिकडे कारागिराची मजुरी तासावर मोजतात, आणि शिक्षकाच्या पगारात ती पेलत नाही. न्यूयॉर्क राज्यात, हडसन नदीच्या खोऱ्यात आमचे एक जुने छोटेखानी घर आहे. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत त्याची बैठकीची व जेवणाची खोली आम्ही उभयतांनी आपल्या हाताने दुरुस्त केली. त्याविषयी वाचकांस चार गोष्टी सांगाव्यात असे वाटते, कारण या कामात हातोड्यापेक्षा चौकशीलाच अधिक दिवस लागले.

घर 1920 च्या सुमाराचे, लाकडी सांगाड्याचे, वर बसका माळा. अशा घराला तिकडे कॉटेज म्हणतात, नाही तर बंगलो. हा बंगलो म्हणजे आपला बंगलाच. शब्द इंग्रजांनी हिंदुस्थानातून नेला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत त्या नावाची लहान घरे जिकडे तिकडे उभी राहिली. सीअर्स रोबक कंपनी तर 1908 पासून 1940 पर्यंत टपालाच्या सूचीतून अख्खी घरे विकीत असे. मापाने कापलेले, शिक्के मारलेले लाकूड आगगाडीने येई व पुष्कळ मालक ते स्वतः उभारीत. आमचे घर त्यांपैकी निघावे अशी आमची फार इच्छा होती. तळघरात बॅटरीच्या उजेडात एकेक तुळई न्याहाळली. शिक्का काही सापडला नाही.

दोन खोल्यांमधील भिंत पाडून एकच प्रशस्त दालन करावे, हा मूळ बेत. हल्ली तशी रीतच पडली आहे, आणि सणाच्या दिवशी सगळी माणसे एका पंगतीला बसावीत ही आमची जुनी हौस. अध्यापक विद्यालयात पाठाचे टाचण काढताना 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' हे सूत्र आमच्याकडून घोटून घेतले होते, ते येथे उपयोगी पडले. तळघर उघडे होते, ते ज्ञात. तेथे नेमकी त्याच भिंतीखाली घरातील सर्वांत जाड तुळई होती व तिला खांब दिलेले होते. माळ्यावर चढून पाहिले, तर छताच्या कड्या दोन्ही बाजूंनी येऊन त्याच भिंतीवर टेकलेल्या. म्हणजे माळ्याचा आणि छपराचा भार ही भिंत वाहत होती. ती काढायची तर अभियंत्याचा आराखडा, नगर कचेरीचा परवाना, नवी तुळई, ती बसेपर्यंत टेकू, असे सारे आले. बेत सोडला. भिंतीत पाच फूट रुंदीची, दार नसलेली एक जुनी चौकट होती. लांब मेज तिच्यातून आरपार मांडले. अर्धी मंडळी एका खोलीत, अर्धी दुसऱ्या खोलीत, पंगत मात्र एकच.

परंतु खरी काळजी भिंतीची नव्हती, रंगाची होती. अमेरिकेत घरांसाठी शिसेयुक्त रंगाच्या विक्रीस 1978 साली बंदी झाली. 1940 पूर्वीच्या दहा घरांपैकी जवळजवळ नऊ घरांत तो रंग कोठे ना कोठे असतो. वरून नव्या रंगाचे थर चढलेले असतात, म्हणून तो दिसत नाही; घासायला घेतला की धूळ होऊन बाहेर येतो. आमची नात तेव्हा सव्वा वर्षाची होती व सप्टेंबरात येणार होती. रांगणारे मूल जमिनीवरचा हात तोंडात घालते. शिशाने मुलाची शिकण्याची शक्ती व चित्ताची स्थिरता कमी होते, आणि मुलाच्या रक्तात अमुक इतके शिसे चालेल अशी निर्धोक मर्यादा वैद्यकास आढळलेली नाही. आयुष्य वर्गात घालविलेल्या माणसाला हे वाचून स्वस्थ बसवत नाही. जुन्या घरांत मजुरीने काम करणाऱ्या ठेकेदाराला या धुळीबाबत प्रशिक्षण व प्रमाणपत्र असावे लागते, असा नियम तिकडे 2010 पासून अमलात आहे. आपल्याच घरात आपण काम करणाऱ्याला तो लागू नाही. ही सवलत आम्हांस चमत्कारिक वाटते. धूळ कोणाच्या हाताने उडाली, हे मुलाच्या पोटाला काय कळे?

रंगाच्या खपल्या प्रयोगशाळेकडे पाठविल्या. खिडक्यांच्या व मधल्या चौकटीच्या रंगात शिसे निघाले. जेवणाच्या खोलीतील नऊ इंची चौकोनी फरशीचा तुकडाही पाठविला होता, त्यात ॲस्बेस्टॉस निघाले. ती फरशी अभंग होती, तेव्हा न उखडता तिच्यावरच नव्या फळ्या बसविल्या. चौकटीचा रंग घट्ट होता, त्यावर नवा थर दिला. चौकटीवरील मेझुझा आरंभीच काढून ठेवला होता, तो नंतर पुन्हा लावला. खिडक्यांचे तसे नव्हते. वरखाली सरकताना लाकडावर लाकूड घासते आणि रोज थोडी धूळ पडते. तेव्हा जमिनीवर जाड प्लास्टिक अंथरून, तोंडाला मुखवटा लावून, पाणी शिंपडून आम्ही रंग ओला खरवडला. कोरडा घासायचा नाही, ज्योतीने जाळायचा तर मुळीच नाही. संध्याकाळी बारीक धूळ धरणाऱ्या यंत्राने खोली झाडायची, कामाचे कपडे वेगळे धुवायचे. चार खिडक्यांना तीन आठवडे लागले.

गिलाव्याचे काम त्या मानाने आनंदाचे. एका जागी तो सुटला होता, तेथे आत आडव्या लाकडी पट्ट्या दिसल्या आणि आम्हांस कोकणातला कूड आठवला. कारवीच्या काठ्यांवर माती-शेण लिंपावे, तसा येथे पट्ट्यांवर गिलावा दाबलेला असतो. तो फटीतून पलीकडे उतरून गाठीसारखा अडकतो. गाठ तुटली की भिंत फुगते. फुगलेला भाग चकती लावलेल्या स्क्रूने मागे ओढून, वरून जाळीची पट्टी व लुकण देऊन सारखा केला. छताचा एक कोपरा राहिला आहे, तो पुढल्या सुटीत.

मुंबईत किंवा गावी जुनी घरे असणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. भारतात घरगुती रंगातील शिशावर दहा लाख भागांत 90 भाग ही मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्यापूर्वीच्या थरांत काय आहे, हे तपासल्यावाचून सांगता येत नाही.

काम संपल्यावर जमीन व खिडक्यांच्या कडा ओल्या फडक्याने टिपून ती फडकी प्रयोगशाळेकडे पाठविली. एका खिडकीचे प्रमाण अधिक आले. ती पुन्हा दोनदा धुतली. दुसऱ्या खेपेस अहवाल ठीक आला. मग लेकीला कळविले. नात आली ती कोणाकडे न पाहता थेट त्याच खिडकीशी गेली, दोन्ही हातांनी धरून उभी राहिली आणि तिने चौकटीला तोंड लावले.