काळ्या रानातली छोटी गाडी

नव्या गाडीसोबत मिळणारं पुस्तक किलोमीटरमध्ये बोलतं. इतक्या हजारांवर टायरांची अदलाबदल, इतक्या हजारांवर ब्रेक ऑइल. हिंगोली जिल्ह्यात गाडी बाळगणाऱ्याला तेवढ्यावर भागवता येत नाही. सोयाबीन निघालं का, ऊसतोड लागली का, हळद शिजली का, हेही विचारावं लागतं. गाडीची झीज इथं पिकांच्या वेळापत्रकानं होते.

हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला १ मे १९९९ला आणि उंच टपाची वॅगनआर भारतात आली त्याच वर्षाच्या डिसेंबरात. त्याआधीची मारुती ८०० बारा इंची चाकांची. चाक लहान असलं की खड्ड्यात खोल उतरतं आणि मार थेट रिमला बसतो, हे शास्त्र इथल्या माणसाला कमरेनं शिकवलं. आता चाकं मोठी झाली, खालची माती तीच राहिली.

खरी गोम या मातीत आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरच्या डांबरालाही हलवते. साइडपट्टी खचते. समोरून ट्रक आला की छोट्या गाडीनं खाली उतरायचं, हा अलिखित कायदा. पुन्हा वर चढताना डांबराची धार टायरच्या कुशीला घासते. अलाइनमेंट बिघडतं ते इथंच. स्टेअरिंग एका अंगाला ओढू लागलं की आपण रस्त्याच्या उताराला बोल लावतो. तोवर टायर आतल्या कडेनं झिजत असतो. उभं राहून पाहिलं तर नक्षी शाबूत आणि आतून तार दिसायला आलेली. चाक पूर्ण वळवून, खाली वाकून पाहिल्याशिवाय ते कळत नाही.

ऑक्टोबरात रस्त्याचा अर्धा भाग खळं होतो. सोयाबीन वाळत पडतं, भोवती दगड मांडलेले. धान्य घरी जातं, दगड मात्र जागीच राहतात, आणि रात्री ते छोट्या गाडीलाच सापडतात. मग वसमतच्या बाजूला उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, रस्त्यावर सांडलेली उसाची कांडकी. ओल्या रानातून ट्रॅक्टर डांबरावर आला की त्याच्या चाकांचा चिखल साबण होतो. एप्रिल २०१९पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, पण एबीएस फक्त चाक जाम होऊ देत नाही. पकड शेवटी टायरचीच, आणि गोटा झालेल्या टायरकडे ती नसतेच.

हळदीच्या दिवसांत डिकीत कट्टे चढतात. मागची सीट पाडली की गाडीचा टेम्पो होतो. भरलेल्या गाडीला मागच्या चाकांत किती हवा हवी, हे दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर छापलेलं असतं. तिकडे कुणी बघत नाही. उलट मे महिन्यात पंक्चरवाल्याला आपणच सांगतो, “भाऊ, उन्हाळा आहे, दोन पॉइंट कमीच मारा, फुटेल.” फुटतो तो बहुतेकदा कमी हवेचाच. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो आणि आतून तापत जातो. हवा सकाळी, टायर थंड असताना पाहावी. भर दुपारी मीटर जास्त दाखवतं, आपण हवा सोडतो आणि रात्री तोच टायर बसकण मारतो. नायट्रोजनवर पैसे घालवायचे तर खुशाल घालवा. साध्या हवेतही तो ७८ टक्के असतोच.

ब्रेकच्या बाबतीत आपण त्याहून बेफिकीर. सीटकव्हर दर दोन वर्षांनी बदलू, ब्रेक ऑइल कुणाच्या ध्यानात असतं? ते हवेतलं पाणी शोषतं. औंढ्याच्या उतारावर सतत ब्रेक लागला की तापलेल्या तेलातलं पाणी उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ लागतं. अनेक डिस्क पॅडना संपत आल्यावर किंचाळणारी एक पत्र्याची जीभ असते. ती किंचाळू लागली की आपण गाण्याचा आवाज वाढवतो! पावसाळ्यात फरशी पुलावरून पाण्यातून गाडी काढली की मागच्या ड्रममध्ये पाणी राहतं. पुढं थोडं अंतर हलका ब्रेक दाबत जावं, लायनर सुकतात.

हिंगोलीचा दसरा मोठा. त्या सुमाराला जिल्हाभर गाड्या धुतल्या जातात, झेंडूचे हार चढतात, चाकाखाली लिंबं ठेवली जातात. यंदा चाकाला कुंकू लावताना एक बोट नक्षीच्या खाचेत घाला. खाचेच्या तळाशी रबराची आडवी पट्टी असते, १.६ मिलिमीटर उंचीची. नक्षी झिजून तिच्या बरोबरीला आली असेल तर हाराआधी टायर आणा. आणि डिकी उघडून स्टेपनीचीही हवा बघा. वर्षभर तिला कुणी हात लावलेला नसतो.