माझ्या कानातला भुंगा

मुलांनो, आज रात्री एक गंमत करून पाहाल? घरातले सगळे झोपले की पंखा बंद करा, दार लोटून घ्या आणि अंथरुणात पडल्या पडल्या नुसते कान द्या. काय काय ऐकू येतं? लांब कुठेतरी भुंकणारं कुत्रं, भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक, आजोबांचं घोरणं. आणि हे सगळं थांबलं, की उरते ती शांतता.

मला मात्र ती ऐकू येत नाही. २०१८ सालच्या मे महिन्यापासून माझी आणि तिची गाठच पडलेली नाही! माझ्या दोन्ही कानांत सतत एक आवाज चालू असतो. ‘कींऽऽऽ’ असा. शेजारच्या घरातल्या कुकरची शिट्टी व्हावी आणि ती थांबूच नये, तसा. शाळेत शिकवताना, जेवताना, अगदी आत्ता हे लिहितानासुद्धा तो आहे. मराठीत त्याला कर्णनाद म्हणतात. डॉक्टर टिनिटस म्हणतात. आणि आमच्या वर्गात त्याला ‘भुंगा’ म्हणतात. हे नाव कसं पडलं, तेच आज तुम्हांला सांगायचं आहे.

तर झालं असं. माझ्या मामेभावाचं लग्न होतं. संध्याकाळी वरात निघाली. पुढे टेम्पोवर डीजेच्या पेट्यांची भिंतच उभी केलेली. मी नवरदेवाची हौशी ताई ना! मग मी सगळ्यांत पुढे, पेट्यांच्या अगदी तोंडाशी. चांगली तीन तास नाचले. छातीत धडधडत होतं, कानांत दडे बसले होते. पण लग्नाच्या गडबडीत कानांकडे कोण बघतं? घरी आले, पाठ टेकली आणि ‘कींऽऽऽ’ सुरू झालं.

मला वाटलं, रातकिडा असेल. उठून बॅटरी घेतली. कपाटामागे पाहिलं, मोरीत पाहिलं, फ्रिजची पिनसुद्धा काढून पाहिली. शेवटी सासूबाईंना हलवून विचारलं, “अहो आई, तुम्हांला रातकिडा ऐकू येतोय का?” त्या कूस बदलत म्हणाल्या, “मला तुझाच आवाज ऐकू येतोय. झोप आता!”

सकाळी आवाज तिथेच. दुसऱ्या दिवशी तिथेच. आठवडा गेला तरी तिथेच. तेव्हा मला कळलं, की हा रातकिडा घरात नसून माझ्यातच आहे. आणि मी घाबरले.

आता यात माझी चूक काय झाली ते ऐका. मी हे कुणालाच सांगितलं नाही. वाटलं, नसलेले आवाज ऐकू येतात म्हटल्यावर लोक काय म्हणतील? बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला, असंच ना? ताप आला तर कपाळाला हात लावून कळतो. गुडघा फुटला तर रक्त दिसतं. पण माझ्या कानातला आवाज दुसऱ्या कुणाला ऐकू येणार? मी गुपचूप लसणीचं तेल कोमट करून कानांत घातलं. (तुम्ही असलं काही करू नका हं!) रात्र रात्र जागी राहू लागले. पडलं की आवाज मोठा व्हायचा, आणि तो मोठा झाला की झोप आणखी लांब जायची.

जूनमध्ये शाळा उघडली. माझ्याकडे तिसरीचा वर्ग होता. एरवी मुलांचा गलका मला आवडतो. पण त्या वर्षी तो सहन होईना. कुणी बाक सरकवला तरी मी कडाडायची. मुलंही बिचकून असायची. “बाईंना काय झालंय गं?” असं दोघी मुली कुजबुजताना मी ऐकलं आणि त्यांनाही रागावले.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याचं खरं नाव सांगत नाही. आपण त्याला दत्तू म्हणू. दत्तू दहा वेळा हाक मारली तरी बघायचा नाही. श्रुतलेखनात मी ‘वड’ सांगितलं की तो ‘गड’ लिहायचा, ‘माती’ सांगितलं की ‘पाटी’. मी त्याला दोनदा उभं केलं. मग शिक्षा म्हणून शेवटच्या बाकावर, डाव्या भिंतीला टेकून बसवलं. श्रुतलेखन आणखीच बिघडलं.

ऑगस्टमधला एक दिवस. पाऊस पत्र्यावर ताशा वाजवत होता. रात्री मी जेमतेम दोन तास झोपले होते. दत्तूची वही पाहिली आणि माझा तोल सुटला. ओरडले, “दत्तू! लक्ष कुठे असतं रे तुझं? कानांत काय बोळे घातलेस का?”

तो खाली मान घालून म्हणाला, “बाई, कानात भुंगा हाय. त्यो वरडाय लागला की मला काय बी ऐकू येत न्हाई.”

सगळा वर्ग खो खो हसला. मी मात्र खुर्चीत बसूनच राहिले.

शाळा सुटल्यावर त्याला जवळ बोलावलं. विचारलं, “कधीपासून आहे रे भुंगा?” तो म्हणाला, “लई दिस झालं.” त्याचा उजवा कान अधूनमधून वाहायचा. घरी तेल घालून कापूस लावायचे आणि हा पठ्ठ्या तसाच विहिरीवर पोहायला जायचा. “मग मला का नाही सांगितलंस?” असं मी विचारलं, तेव्हा त्याने माझ्याकडे नवलाने पाहिलं. म्हणाला, “समद्यांच्याच कानात आसतोय न्हवं?”

मुलांनो, त्या क्षणी मला माझी इतकी लाज वाटली म्हणून सांगू! डी.एड.ला आम्हांला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, की मूल लक्ष देत नसेल तर आधी त्याचे कान आणि डोळे तपासून घ्या. परीक्षेत त्यावर मी पान भरून उत्तर लिहिलं होतं. शिवाय भुंगा काय असतो, हे त्या वर्गात माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि मीच त्याचा तेवढा बरा असलेला डावा कान भिंतीला लावून ठेवला होता!

मी म्हटलं, “दत्तू, सगळ्यांच्या कानात नसतो रे. पण माझ्या आहे.” त्या दिवसापर्यंत ही गोष्ट मी एकाही माणसाला सांगितली नव्हती. पहिल्यांदा सांगितली ती एका आठ वर्षांच्या मुलाला. तो एकदम हसला आणि म्हणाला, “बाई, तुमचा बी वरडतोय?”

पुढच्या आठवड्यात दत्तू, त्याची आई आणि मी, असे तिघं एसटीने तालुक्याच्या गावी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो. डॉक्टरीणबाईंनी आधी दत्तूचा कान दुर्बिणीतून पाहिला. पडद्याला भोक पडलं होतं. औषधाने कान कोरडा केला आणि पुढे दिवाळीच्या सुट्टीत ऑपरेशन करून पडदा शिवला. त्याचा भुंगा हळूहळू कमी होत गेला.

मग माझी पाळी. एका बंद खोलीत बसवून, कानांवर हेडफोन लावून माझी तपासणी केली. बारीक, उंच पट्टीचे आवाज मला कमी ऐकू येत होते. डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून समजावलं. आपल्या कानाच्या आत वाटाण्याएवढा एक शंख असतो. त्यात अगदी सूक्ष्म केसांच्या पेशी असतात. एका कानात सुमारे १५ हजार. आवाज आला की हे केस वाऱ्यावरच्या ज्वारीसारखे डोलतात, आणि त्यांच्या डोलण्याचे निरोप मेंदूकडे जातात. मोठा आवाज म्हणजे वादळ! पीक आडवं होतं. वादळ थोडकं असेल तर काही रोपं पुन्हा उभी राहतात. म्हणून फटाक्यांनंतर किंवा वरातीनंतर वाजणारे कान बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत शांत होतात. पण जी रोपं मोडली ती मोडलीच. माणसाच्या कानात ती पुन्हा उगवत नाहीत. गंमत म्हणजे कोंबडीच्या कानात उगवतात! या बाबतीत कोंबडी आपल्यापेक्षा नशीबवान.

“पण मग आवाज कुठून येतो?” मी विचारलं. त्या म्हणाल्या, “रेडिओवर स्टेशन नीट लागलं नाही की तुम्ही काय करता? आवाज वाढवता. मग खरखरच मोठी होते. कानाकडून निरोप कमी आले की मेंदूही बहुधा तसंच करतो.”

“यावर गोळी?”

“हा आवाज पुसून टाकणारी गोळी नाही.”

माझे डोळे भरून आले. तेव्हा त्यांनी एक प्रयोग सांगितला. १९५३ साली अमेरिकेत चांगलं ऐकू येणाऱ्या ८० माणसांना एकेक करून आवाजबंद खोलीत बसवलं होतं. पाचच मिनिटांत त्यांतल्या बहुतेकांना कानांत काहीतरी गुणगुणताना ऐकू आलं! म्हणजे थोडाफार भुंगा सगळ्यांपाशी असतो. दत्तू अगदीच चुकीचं बोलला नव्हता. मग त्यांनी मला विचारलं, “तुमच्या गावात पिठाची गिरणी आहे ना? गिरणीवाल्याला तिचा आवाज ऐकू येतो का?” मी विचारात पडले. आमचे गिरणीवाले काका चालू गिरणीशेजारी खुशाल डुलकी काढतात. गिरणी बंद पडली की दचकून जागे होतात! आवाज धोक्याचा नाही हे मेंदूला पटलं, की तो त्याला मागे सारतो. मी त्याला घाबरत होते, रात्रभर त्याच्यावर पहारा देत होते, म्हणून मेंदू त्याला पुढे पुढे आणत होता.

त्यांनी मला अगदी साध्या गोष्टी करायला सांगितल्या. झोपताना खोली चिडीचूप ठेवायची नाही. पंखा किंवा मंद रेडिओ चालू ठेवायचा. झोपेची वेळ पाळायची. मोठ्या आवाजापासून कान जपायचे, पण भिऊन दिवसभर कान बंदही ठेवायचे नाहीत. आणि घरी सांगायचं. हे शेवटचं सगळ्यांत अवघड होतं. त्या रात्री मी सांगितलं. सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “म्हणजे तो रातकिडा खरा होता होय!” त्यानंतर माझ्या खोलीत रात्री पंखा चालू ठेवायची आठवण त्याच करतात.

बेथोव्हेन हे नाव तुम्ही ऐकलं असेल. जर्मनीत जन्मलेला फार मोठा संगीतकार. १८०१ साली, तिशीत असताना, त्याने आपल्या एका डॉक्टर मित्राला पत्र लिहिलं, की माझे कान रात्रंदिवस वाजतात आणि ऐकू कमी येतं, म्हणून मी लोकांत मिसळणं टाळतो. पण हे कुणाला सांगू नकोस. एवढा मोठा माणूस, पण तोही लपवत होता! पुढे त्याचं ऐकणं जवळजवळ पूर्ण गेलं, तरी त्याने संगीत लिहिणं सोडलं नाही. त्याची प्रसिद्ध नववी सिंफनी १८२४ सालची. ते पत्र मी जेव्हा जेव्हा आठवते, तेव्हा मला वाटतं, निदान एका मित्राला तरी त्याने सांगितलं, ते किती बरं केलं!

आता एक गणित करू या, बाईंना गणिताशिवाय राहवत नाही! आवाज डेसिबलमध्ये मोजतात. आपलं साधं बोलणं सुमारे ६० डेसिबल. ८५ डेसिबलचा आवाज कान ८ तास सोसू शकतात. पुढे दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास. मग १०० डेसिबलला किती? वहीत मांडून बघा. उत्तर येतं फक्त १५ मिनिटं! आणि डीजेच्या तोंडाशी आवाज १०० च्या सहज वर जातो. मी तिथे तीन तास होते. तुमच्या मोबाईलचे इयरफोन पूर्ण आवाजावर लावले, तर तेही त्या घरात जाऊन बसतात बरं का! म्हणून आवाज निम्म्याच्या आसपास ठेवा, मध्ये मध्ये कानांना सुट्टी द्या, आणि वरातीत नाचायचं तर नाचा, पण पेट्यांपासून लांब. कानांत तेल, काडी, पिन काही घालू नका. कान वाहत असेल, दुखत असेल, आवाज दोन दिवसांनंतरही थांबत नसेल तर घरी सांगून डॉक्टरांकडे जा. आणि अचानक ऐकू येईनासं झालं, तर त्याच दिवशी जा.

माझा भुंगा अजून आहे. काही दिवस तो फार दंगा करतो. थकले, जागरण झालं की हमखास. पण कित्येकदा तास-दोन तास त्याची आठवणही होत नाही.

त्या वर्षापासून आमच्या वर्गात दर शनिवारी पाच मिनिटं ‘ऐकण्याची’ असतात. सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि काय ऐकू आलं ते वहीत लिहायचं. ऑपरेशननंतर, पुढच्या वर्षी जानेवारीत दत्तूने लिहिलं होतं: पिंपळाची पानं, खार, दूधवाल्याची किटली, बाईंच्या बांगड्या. शब्द सगळे शुद्ध! वही देताना त्याने हळूच विचारलं, “बाई, तुमचा भुंगा आज हाय का?”

मी म्हटलं, “आहे रे. पण आज तो शेवटच्या बाकावर बसलाय.”

दत्तू पहिल्या बाकावर परत गेला. हो, आता त्याची जागा तिथे होती.

तर मुलांनो, तुमच्याही कानात, डोळ्यांत, पोटात किंवा मनात असा एखादा भुंगा असेल, जो दुसऱ्या कुणालाच ऐकू येत नाही, तर तो तुम्हीच सांगायला हवा. आईला सांगा, ताईला सांगा, बाईंना सांगा. आणि बाई रागावल्या तर त्यांना ही गोष्ट वाचायला द्या!