दंडाची शिल्लक

खात्यात किमान शिल्लक नसली, तर काही बँका अजूनही दंड करतात. शरीराच्या खात्यात मात्र शिल्लक घटली की असलेला दंडच नाहीसा होतो! चाळिशी उलटली की स्नायूंच्या ठेवीतून गुपचूप पैसे निघू लागतात आणि पासबुक भरून मिळते ते एकदम सत्तरीत.

या गळतीला आयर्विन रोझेनबर्ग या अमेरिकन डॉक्टरांनी १९८९ साली 'सार्कोपेनिया' हे नाव दिले. ग्रीक भाषेत 'सार्क्स' म्हणजे मांस आणि 'पेनिया' म्हणजे गरिबी. दारिद्र्यरेषा मांडीवरूनही जाते, हे आम्हांला बी.कॉम.ला कोणी शिकवले नव्हते.

आमचे अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. खुर्चीतून उठताना ते दोन्ही हात टेकू लागले, तेव्हा ही गरिबी घरात उघडकीस आली. "उठायला हाक मारावी लागली, की संपलं रे," एवढेच ते एकदा म्हणाले. लगेच आप्तेष्ट डबे घेऊन धावले. मावशीने व्हे प्रोटीन आणले, मेहुण्याने क्रिएटिन. व्हे म्हणजे दूध फाटल्यावर उरणारे पाणी, वाळवून केलेले. आमची आई त्याच पाण्यात कणीक भिजवते आणि वर पैसे मागत नाही. अण्णांनी चष्मा लावून किंमत वाचली. "एवढ्यात म्हशीचा हप्ता बसेल की!"

आता, प्रथिने लागतातच. तरुणाला वजनाच्या किलोमागे ०.८ ग्रॅम पुरतात, तर म्हाताऱ्यांना १ ते १.२ ग्रॅम हवीत, असे तज्ज्ञ सांगतात. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायचे. पण १९९४ साली बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमातला प्रयोग प्रसिद्ध झाला. शंभर आजी-आजोबा, सरासरी वय ८७. काहींना पूरक पेय दिले, काहींकडून पायांनी वजने उचलून घेतली, काहींना दोन्ही. दहा आठवड्यांत वजने उचलणाऱ्यांची ताकद दुपटीहून वाढली. नुसते पेय पिणारे होते तिथेच राहिले. डब्यातली पावडर म्हणजे सही नसलेला चेक. सही पायांनीच करावी लागते!

म्हणून आमच्याकडे आता डाळ, दही, अंडे आणि वर खुर्ची. डॉक्टरांनी सांगितले आहे, हात न टेकता दहा वेळा उठायचे. परवा सातव्या खेपेला अण्णा अर्ध्यावर थरथरले. मी हात पुढे केला.

"हात मागे घे," अण्णा म्हणाले, "उचल नकोय. इथे भरणा चाललाय."

आणि उठले.