बातमी ऑक्टोबरची

खानदेशात पाण्याच्या बातम्या होळीनंतर सुरू होतात. आधी हंडामोर्चा, मग टँकरची संख्या, मग गिरणा धरणाच्या उघड्या पडलेल्या तळाचा फोटो. या बातम्या छापायलाच हव्यात, त्यामुळे निदान टँकर हलतो. पण तोवर पिकं घेऊन झालेली असतात, पाणी उपसून झालेलं असतं. जळगाव-धुळ्याच्या गावांतून पाण्यावर लिहिता लिहिता माझं एक मत पक्कं झालं आहे. पाण्याची खरी बातमी ऑक्टोबरमध्ये असते, आणि ती भूवैज्ञानिकाच्या सोबतीनेच लिहिता येते.

राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. ऑक्टोबरची पातळी मागच्या ५ वर्षांच्या सरासरीशी ताडतात, पावसाची तूट बघतात आणि कोणत्या गावांना टंचाई भासेल याचा अंदाज बांधतात. नेमक्या याच दिवसांत इकडे कांदेबाग केळीची लागवड चालू असते आणि रब्बीत गहू घ्यायचा की हरभरा, याचा घरोघरी खल होतो. हा आकडा तेव्हाच लोकांच्या हाती पडला तर उपयोग.

जमेल तेव्हा मी मोजणीला सोबत जातो. पारोळ्याकडच्या एका विहिरीवर भूवैज्ञानिकाने टेप काढण्याआधी मालकाला विचारलं, ‘‘दादा, मोटार कधी बंद केली?’’ उपसा नुकताच थांबला असेल तर पाणी अजून चढत असतं, ती पातळी धरता येत नाही. मग टेप खाली सोडली, पाण्याला टेकली तिथला आकडा वाचला आणि त्यातून विहिरीच्या कठड्याची उंची वजा केली. पातळी जमिनीपासून धरायची असते. कठडा वजा केला नाही तर पाणी कागदावर उगाच दोन-अडीच फूट खाली जातं. हे पाहिल्यापासून कुठलाही आकडा छापण्याआधी मी विचारतो, कधी मोजला आणि कुठून मोजला?

त्या आकड्याचा अर्थ खालचा खडक ठरवतो. पारोळा, चाळीसगावकडे काळा बेसाल्ट आहे. पाणी मुरमात आणि खडकाच्या भेगांत साठतं, त्यामुळे विहीर एका पावसाळ्यात भरते आणि तितक्याच लवकर आटते. यावल-रावेरकडे तापीचा गाळ शेकडो फूट खोल आहे, सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा बझाडा पट्टा आहे. तिथे केळीसाठी वर्षानुवर्षं उपसा झाला, पातळी खोल गेली. एक चांगला पावसाळा ती भरून काढू शकत नाही. ‘पावसाने सरासरी गाठली, चिंता मिटली’ हा मथळा पारोळ्यात बराचसा खरा ठरेल, यावलमध्ये दिशाभूल करेल.

धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरच्या बातम्यांतही खडक असाच वगळला गेला. भूजल यंत्रणेत काम केलेले भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी २००४ पासून तिथे नाले रुंद-खोल केले, सिमेंटचे बंधारे बांधले. त्या एकाच तालुक्यात बेसाल्टही आहे आणि गाळही, म्हणून उपायही वेगवेगळे योजावे लागले. तुडुंब नाल्यांचे फोटो महाराष्ट्रभर पोचले, खालच्या खडकाची गोष्ट मात्र फारशी पोचली नाही. ‘शिरपूर पॅटर्न’ मागणाऱ्या गावाला ‘आधी तुमच्या नाल्याखाली काय आहे ते बघा’ हे सांगणं बातमीदाराचंच काम आहे.

ही देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी चालते. शेजारच्या मळ्यात नवी बोअर झाली, केळीखालचं क्षेत्र वाढलं, हे मला गावात फिरताना कळतं. पातळी अचानक का घसरली याचा उलगडा त्यातून होतो. मी आकडे असलेली वाक्यं छापण्याआधी भूवैज्ञानिकाला वाचून दाखवतो आणि चुकत असेल ते सुधारतो. कोणाला जाब विचारायचा, हे मात्र मीच ठरवतो. सरकारी नोकरीतल्या माणसावर ते ओझं टाकू नये, आणि त्याच्या भिडेखातर आपण गप्पही बसू नये.

दर ऑक्टोबरला तालुक्याच्या पानावर निरीक्षण विहिरींची पातळी, ५ वर्षांची सरासरी आणि खडकाचा प्रकार छापून यायला हवा. सोबत भूवैज्ञानिकाचं चार ओळींचं सांगणं असावं. ग्रामसभेत कोणीतरी ते कात्रण पुढे ठेवून म्हणेल, ‘‘यंदा गहू नको, हरभराच घेऊ.’’ त्या गावात मे महिन्यात टँकर लागला नाही, तर त्याची बातमी होणार नाही. मला ते चालेल.