भिंत कोणाची, अक्षर कोणाचे?

मुंबई-हावडा लोहमार्गावर मलकापूर मागे पडले की नांदुरा येते. बुलढाणा जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव परगावच्या लोकांना महामार्गावरच्या १०५ फुटी हनुमान मूर्तीमुळे ठाऊक. आम्ही स्टेशनाबाहेर पडलो की भिंती वाचत जातो. सिमेंट, बियाणे, शिकवणीचे वर्ग, निवडणुकीचे चिन्ह. कुठे पोराने कोळशाने काढलेले नाव, कुठे निळ्या रंगात ‘जयभीम’. यात कला कोणती आणि गुन्हा कोणता?

महाराष्ट्राचा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायदा १९९५ चा. परवानगीवाचून भिंत विद्रूप केली तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चित्र सुंदर की कुरूप, हे कायदा विचारत नाही, परवानगी विचारतो.

पण वाचकहो, भिंतीवर लिहिणारा दरवेळी टवाळखोर नसतो. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या साडेपंधरा वर्षांत ज्यांच्याजवळ छापखाना नव्हता, त्यांनी गेरू आणि चुन्याने भिंतींवर मागणी लिहिली. भिंत हेच गरिबाचे वर्तमानपत्र होते.

उलट बाजूही पाहू. नांदुऱ्याहून रेल्वेने जळगावला उतरले की अजिंठा जवळ. तिथल्या दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने एप्रिल १८१९ मध्ये प्राचीन चित्रावर आपले नाव कोरले. साहेब असला तरी ती विटंबनाच. आज संरक्षित स्मारकाची अशी नासधूस केली तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कार्ल्याच्या चैत्यगृहातही धेनुकाकटच्या एका सुताराचे नाव कोरलेले आहे. पण ते त्याने दिलेल्या दानाचे नाव आहे. एकाने दिले म्हणून नाव राहिले, दुसऱ्याने ओरबाडून नाव ठेवले.

मुंबई महापालिकेने २००९ साली दादर-माहीमकडची तुळशी पाइप रोडची लांबलचक भिंत नागरिकांना रंगवायला खुली केली. जे मुंबईत चालते ते नांदुऱ्यात का चालू नये? नगरपरिषदेने एक भिंत मुलांना आणि गावच्या पेंटरांना रीतसर द्यावी. फ्लेक्स आल्यापासून कुंचल्यावर पोट असणाऱ्यांची रोजी गेली आहे. त्यांनाही चार पैसे मिळतील.

आमचे मत सरळ आहे. मालकाच्या संमतीने काढलेले भित्तिचित्र कला मानावे, स्मारकाला कोणीही हात लावू नये, आणि कायदा पोराला व पुढाऱ्याला सारखाच लागावा. वस्तीतल्या आयाबहिणींनी एवढे करावे: कंपनीचा माणूस डबा-ब्रश घेऊन दारी आला, तर फुकट रंगाला भुलू नये. आधी लेखी मागावे, मग भाडे मागावे. घर लहान असेल, पण भिंत आपली आहे.